बाजारातली नवी शेळी घरच्या गोठ्यात रुळवताना

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की आपली पावलं बाजाराकडे वळतात. कुणी चाकणला जातो, कुणी काष्टीला, कुणी घोडेगावला, कुणी लोणंदला. शेळी घेताना आपण फार चोखंदळ असतो. दात बघतो, कास चाचपतो, चालवून बघतो, दोन वेत झालेली की तीन हे विचारतो, भावात तासभर घासाघीस करतो. आणि एवढं सगळं करून आणलेली शेळी संध्याकाळी घरी आल्यावर काय करतो? तर सरळ नेऊन जुन्या शेळ्यांच्या दावणीला बांधतो. बाजारातली सगळी हुशारी गोठ्याच्या दारात संपते. आज मला बोलायचं आहे ते या दारापासून पुढच्या तीस दिवसांबद्दल.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. जमीन कोरडवाहू, दीड एकर. घरात अकरा शेळ्या-करडं. सगळा वरखर्च, मुलीच्या शिक्षणासकट, त्या शेळ्यांवर. दिवाळीच्या आधी त्यांनी बाजारातून दोन उस्मानाबादी शेळ्या आणल्या. जनावरं देखणी होती, भावही बरा लागला होता. त्याच रात्री ती इतरांबरोबर बांधली गेली. पाचव्या-सहाव्या दिवशी एकीच्या नाकाडोळ्यांतून पाणी सुरू झालं. घरच्यांना वाटलं, प्रवासाची सर्दी असेल. मग ताप, तोंडात फोड, घाण वास, पातळ हगवण. तीन आठवड्यांच्या आत घरच्या अकरातली सात गेली, त्यात करडं एकूण एक. बाजारातून आणलेल्या दोघींपैकी एक मात्र वाचली. गावातली माणसं म्हणाली, नजर लागली. नजर कुणाची लागली नव्हती. तो पीपीआर होता, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी.

गुराढोरांची जी जुनी बुळकांडी होती, ती २०११ साली जगातूनच नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. पण शेळ्या-मेंढ्यांचा हा रोग वेगळा. तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला १९८७ साली, तमिळनाडूत, आणि अजून गेलेला नाही. रोगाचं बीज अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात, कधी दहाही लागतात. म्हणजे बाजारात शेळी ठणठणीत दिसते आणि विकणाराही खोटं बोलत नसतो. त्यालाच माहीत नसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांच्या पारखीवर भरवसा ठेवून चालत नाही, दिवस जाऊ द्यावे लागतात.

किती दिवस? शेळ्या-मेंढ्यांना निदान एकवीस दिवस वेगळं ठेवावं. मी स्वतः तीस दिवस सांगतो. लाळ्या-खुरकुताची लक्षणं दोन ते चौदा दिवसांत दिसतात. गाई-म्हशींचा लम्पी हा त्वचारोग, ज्याने २०२२ साली महाराष्ट्रभर थैमान घातलं, तो दिसायला चार आठवडेही लागू शकतात. लम्पी शेळ्यांना होत नाही, पण घरात गाय असो की शेळी, एकच हिशेब ध्यानात राहावा म्हणून महिना धरा. अमावस्या ते अमावस्या म्हटलं तर म्हाताऱ्या माणसांच्याही लक्षात राहतं.

आणण्याआधीची तयारी

खरं म्हणजे काम सुरू होतं बाजाराला जाण्याच्या महिनाभर आधी. घरच्या शेळ्यांना पीपीआरची लस टोचून घेतलेली नसेल तर आधी ती टोचून घ्यावी. एकदा टोचली की सुमारे तीन वर्षं पुरते. करडांना तीन-चार महिने वय झाल्यावर टोचतात. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यायची असते आणि पहिल्याच वेळी देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी तिचा दुसरा डोस लागतो. लस टोचली त्या दिवसापासूनच संरक्षण मिळतं असं नाही, अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. आज लस आणि उद्या बाजार, हे चालायचं नाही.

दुसरी तयारी जागेची. मोठा खर्च मुळीच करू नका. जुन्या गोठ्यापासून पंधरा-वीस पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे नव्या जनावरावरून आलेला वारा जुन्यांकडे जाणार नाही अशा बाजूला, तुराट्यांचा किंवा पाचटाचा एक छोटा आडोसा करावा. जमीन कोरडी हवी. एका शेळीला साधारण दहा चौरस फूट छपराखालची जागा पुरते. पाण्याची बादली, चाऱ्याचं टोपलं, दावं, खराटा ही सगळी वेगळी ठेवावी आणि त्यांच्यावर गेरूची खूण करावी, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. शक्य असेल तर एकाच मालकाच्या दोन शेळ्या घ्याव्यात. शेळी हे कळपाचं जनावर आहे. एकटी पडली की ओरडते, चारा सोडते, दूध आटवते. ओळखीची जोडीदारीण शेजारी असेल तर निम्मं दुखणं तिथेच संपतं. बाजारातल्या पाच ठिकाणच्या पाच शेळ्या आणणं म्हणजे पाच गावांचे रोग एका गाडीत भरून आणणं. बाजारापेक्षा ओळखीच्या माणसाच्या घरून जनावर घेतलं तर उत्तमच. तिथे त्याचा सगळा कळप डोळ्यांनी बघता येतो.

पहिला दिवस

जनावर शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर आणावं. टेंपोत उभं राहून ते थकलेलं, भेदरलेलं असतं. दारात आल्यावर आपल्या आयाबहिणी पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. ते जरूर करा, लक्ष्मी घरात येते आहे. फक्त ते त्या वेगळ्या आडोशाच्या दारात करा, आणि ओवाळलेली भाकरी जुन्या शेळीच्या तोंडी देऊ नका. एवढी एक अदलाबदल केली तर देवही रागावणार नाही.

पोचल्यावर आधी विसावा, मग थोडं थोडं पाणी. चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा पाण्यात विरघळवला तर चांगलं. पहिल्या दिवशी भरडा, पेंड, धान्य काहीही देऊ नये. सुका चारा द्यावा. नवं जनावर आलं म्हणून कौतुकाने सूपभर ज्वारी पुढे ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी ती शेळी पोट धरून आडवी होते आणि दोष बाजाराला जातो.

त्याचं कारण असं. शेळीच्या मोठ्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. ज्या चाऱ्याची सवय असते त्या चाऱ्याला लागणारे जीव तिथे वाढलेले असतात. चारा एकदम बदलला, त्यातून धान्य जास्त गेलं, की पोटात आंबूस होतं, रवंथ बंद पडतो, पोट फुगतं आणि जनावर दगावतंसुद्धा. म्हणून विकणाऱ्याला विचारून घ्यावं की बाबा, हिला काय खायला घालत होतास? जमलं तर चार दिवसांचा तोच चारा विकत आणावा. पहिले तीन-चार दिवस जुनाच चारा जास्त आणि आपला थोडा, मग अर्धा-अर्धा, असं करत दहा ते पंधरा दिवसांत पूर्ण आपल्या चाऱ्यावर आणावं. भरडा सुरू करायचा तर मूठभरापासून. कोवळा लसूणघास, दंवाने भिजलेला ओला चारा उपाशीपोटी घालू नये.

अजून एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. आपल्या रानातल्या शेळ्यांना घाणेरीसारख्या विषारी झुडपांची ओळख असते, त्या तोंड लावत नाहीत. नवखी शेळी, त्यातून भुकेली, सापडेल ते खाते. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्याचंही तसंच. म्हणून महिन्यानंतरसुद्धा पहिल्यांदा चरायला नेताना घरून पोटाला थोडं देऊनच न्यावी.

तीस दिवसांतली कामं

रोजचा क्रम साधा आहे. आधी जुन्या जनावरांचं सगळं आटपायचं, चारा, पाणी, शेण-लेंड्या, धार, आणि मग शेवटी नव्याकडे जायचं. उलट कधी नाही. नव्याकडून परत येताना हात साबणाने धुवावेत, पायही धुवावेत. आडोशाच्या तोंडाशी एका पसरट घमेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवावं. दहा लिटर पाण्याला ४०० ग्रॅम सोडा, हे प्रमाण. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर ते चांगलं काम करतं. त्यात चपला बुडवून पुढे जायचं. घरातली लहान मुलं नव्या करडाला कडेवर घेऊन साऱ्या गोठ्यातून हिंडतात, त्यांना मात्र समजावून सांगावं लागेल. मुलांचा मोह मोडणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे मला माहीत आहे.

रोज सकाळी दोन मिनिटं शेळीसमोर उभं राहावं. चारा खाते का, रवंथ करते का, लेंड्या घट्ट गोळीदार आहेत का, नाक कोरडं की वाहतं, खोकते का, डोळे पाणावलेत का. ओठांवर खपल्या आल्या असतील तर तो मावा असू शकतो. तो माणसाच्या हातालाही होतो, तेव्हा उघड्या हाताने खपल्या काढू नयेत. ताप मोजायला साधा थर्मामीटर घरी ठेवावा. शेळीचं अंग १०२ ते १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत नेहमीचंच असतं. त्याच्या वर गेलं, आणि चारा सुटला, की दवाखाना गाठावा. मी कृषी पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नाही, म्हणून औषधांची नावं मी सांगत नाही आणि तुम्हीही दुकानदाराला विचारून सुई टोचू नका. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. लेंड्या तपासून जंतांचं औषध ठरवावं. शेळी गाभण असेल तर ते आधी सांगावं, कारण काही जंतनाशकं गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात चालत नाहीत. औषध दिल्यावर दोन दिवस तिला आडोशातच ठेवावं आणि त्या दिवसांच्या लेंड्या रानात न टाकता खड्ड्यात पुराव्या. नाहीतर बाहेरगावचे जंत आपल्या कुरणात पेरल्यासारखं होईल. गोचीड, उवा अंगावर असतील तर त्यांचाही बंदोबस्त याच दिवसांत. खूर वाढले असतील तर कापून घ्यावेत. लस राहिली असेल तर आठ-दहा दिवस शेळी निरोगी दिसल्यावर टोचून घ्यावी. प्रवासाने दमलेल्या, तापलेल्या जनावराला टोचू नये.

मध्येच आजारपण दिसलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणि पंधराव्या दिवशी आणखी एक शेळी आणून त्याच आडोशात बांधलीत, तरीही पहिल्यापासून. आणि एक कळकळीची विनंती. शेळी आजारी दिसली की तिला लगेच पुढच्या बाजारात काढण्याचा मोह होतो. पैसे अडकलेले असतात, घरात ताण असतो, मी समजू शकतो. पण तुमच्याकडे ती अशीच कुणाच्या तरी मोहातून आलेली असेल. जनावरांच्या साथीच्या रोगांबद्दलचा २००९ चा कायदाही आहे, त्यानुसार असा रोग दिसला तर कळवणं हे मालकावर बंधनकारक आहे. कळवल्याने तोटा होत नाही. आजूबाजूच्या कळपांना लस मिळते.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, एकटी शेळी रात्रभर ओरडते, शेजारी बोलतात, घरातली माणसं म्हणतात, बांधा एकदाची सगळ्यांबरोबर. पहिल्या दोन-तीन रात्री ओरडेल. तिला जुन्या शेळ्या दिसाव्यात, त्यांचा आवाज ऐकू यावा, पण श्वासाला श्वास लागू नये, अशी जागा म्हणूनच मघाशी सांगितली. घरातलं एकच माणूस तिच्याकडे रोज जात राहिलं तर ती लवकर शांत होते. जुन्या गोठ्यातलं एखादं पोतं तिच्या आडोशात अंथरावं, म्हणजे घरच्या कळपाचा वास तिला ओळखीचा होतो. मात्र तिच्याकडचं पोतं महिना संपल्याशिवाय जुन्यांकडे न्यायचं नाही. वासाची देवाणघेवाण एकाच दिशेने!

कळपात सोडताना

महिना निर्विघ्न गेला, आता एकत्र करायचं. तेव्हा नवीला घेऊन अंधाऱ्या, अरुंद गोठ्यात ढकलू नका. तिथे मार खाणाऱ्या शेळीला पळायला जागा नसते. सकाळी सगळ्यांना पोटभर चारा घालून मोकळ्या रानात सोडावं आणि मग नवीला तिथे आणावं. भुकेल्या शेळ्या जास्त भांडतात.

भांडण होणारच. शेळ्यांच्या कळपात थोरली कोण, धाकटी कोण, हे ठरलेलं असतं. नवी आली की ती उतरंड पुन्हा लावावी लागते. मागच्या पायांवर उभं राहून डोक्याला डोकं मारणं, हे भांडण नव्हे, ती ओळखपाळख समजा. आपण काठी घेऊन मध्ये पडलो तर तंटा लांबतो, उद्या पुन्हा सुरू होतो. मध्ये पडायचं ते तीन वेळीच. एक पडली तरी दुसऱ्या मारतच राहिल्या तर, शिंग मोडलं किंवा रक्त आलं तर, आणि गाभण शेळीच्या कुशीत धडका बसू लागल्या तर. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत तिला नव्या कळपात घालूच नये. व्याल्यावर बघावं.

पहिल्या दिवशी तास-दोन तास, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस, आणि रात्री पुन्हा वेगळी. असं चार-पाच दिवस केलं की बहुतेक शेळ्या आठवड्याभरात रुळतात. नंतरही गव्हाणीवर लक्ष ठेवावं. रानात शांत असणाऱ्या शेळ्या चाऱ्यावर आल्या की नवीला हुसकून लावतात आणि ती मुकाट्याने उपाशी राहते. महिन्याभराने बरगड्या दिसायला लागल्यावर आपल्या लक्षात येतं. उपाय सोपा आहे. चारा एकाच लांब गव्हाणीत न घालता दोन-तीन ठिकाणी घालावा, दर शेळीमागे सव्वा फूट तोंडाची जागा मिळेल असं पाहावं, पाणीही दोन ठिकाणी ठेवावं. करडू असेल तर त्याला दुसऱ्या शेळ्या जवळ करत नाहीत, लाथा मारतात. त्याला रात्री आईबरोबर वेगळ्या कप्प्यातच ठेवलेलं बरं. बोकड नवा असेल तर तो कायमचाच वेगळा बांधावा.

गाय-बैल, कोंबड्या आणि कुत्रा

शेतकऱ्याच्या घरी शेळी एकटी कधीच नसते. बैलाच्या दावणीजवळ नवी शेळी मोकळी सोडू नये. तिला त्याच्या लाथेचा, शिंगाचा अंदाज नसतो. त्याहून मोठा धोका उलट बाजूने आहे. शेळी सुटली की गाईची पेंड आणि कोंबड्यांचं खाद्य गाठते आणि पोटफुगीने मरते. खाद्याचं पोतं कोठीत, कडी लावून ठेवावं. कोंबड्या शेळीच्या गव्हाणीच्या वर बसू देऊ नयेत, त्यांची शीट चाऱ्यात पडते. नव्या कोंबड्या आणल्या तर त्यांनाही मानमोडीच्या भीतीने दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावं.

कुत्र्याचं म्हणाल, तर घरचा कुत्रा जुन्या शेळ्यांना ओळखतो, नवीला परकी समजतो. पहिल्या आठवड्यात त्याला साखळीने बांधूनच दुरून दाखवावं, तो शांत बसला तर भाकरी द्यावी, उठून धावला तर मागे न्यावं. पळणारी शेळी दिसली की चांगल्या कुत्र्यालाही खेळ सुचतो, म्हणून दोघांना मोकळं सोडून आपण कामाला जाऊ नये. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी हवी आणि जंतांचं औषधही हवं. मेलेल्या जनावराचं मांस, शेळीची पडलेली वार त्याच्या तोंडी जाऊ देऊ नये. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

गाय किंवा म्हैस आणली असेल तर नियम हाच, फक्त दोन गोष्टी वाढतात. तिच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर डॉक्टरांना दाखवून पूर्वीच्या लसींची नोंद बघून घ्यावी. आणि रक्त तपासून सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, खात्री करावी. हा रोग गाभडवतो आणि कच्च्या दुधातून माणसालाही लागतो, मग ताप येत-जात राहतो. अहवाल येईपर्यंत दूध उकळूनच प्यावं आणि त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढावी. नव्या जागी ती चार-आठ दिवस पान्हा चोरेल, दूध कमी देईल. तेवढ्यासाठी पान्ह्याचं इंजेक्शन आणायला धावू नका. ठरलेली वेळ, ठरलेलं माणूस आणि समोर वासरू असलं की ती आपोआप पान्हावते.

जाता जाता एक सांगतो. ज्या दिवशी नवं जनावर आणाल ती तारीख आडोशाच्या मेढीवर खडूने लिहून ठेवा. घरातली सगळी माणसं वेगवेगळे दिवस मोजतात आणि पंधराव्या दिवशीच कुणीतरी म्हणतं, झाला की महिना. मेढीवर तारीख असली म्हणजे वाद राहत नाही.

नमस्कार.